आखाजीआधी (अक्षय तृतीयेआधी) वॉटर पंप दाखवायचा असेल तर पारोळा रोडवरचं हे गॅरेज

धुळ्यात पारोळा रोडला, कडुलिंबाच्या सावलीत हे गॅरेज आहे. पाटी नाही. निळं शटर आणि दाराशी रचलेले जुने टायर, एवढीच खूण. मला ते आमच्या पारोळ्यातल्या एका ट्रॅक्टर फिटरने सांगितलं. मी कृषी केंद्र चालवते. डिझेलची जुनी डिझायर ही माझी गाडी. मालासाठी धुळे-जळगाव, बँकेची कामं, आणि लेक संभाजीनगरला दिलेली म्हणून चाळीसगाव ओलांडून कन्नडचा घाट. गाडी मीच चालवते, त्यामुळे तिच्या आवाजातला फरक मला लगेच कळतो.

होळीनंतर तो कळला. सकाळी पहिल्यांदा सुरू केली की पुढून बारीक कुरकुर यायची, थोडं चाललं की थांबायची. डबीतलं कूलंट (इंजिन गार ठेवणारं द्रव) हळूहळू खाली जात होतं. तापमानाचा काटा मात्र कायम मधोमध, आणि गाडीखाली एक ठिपका नाही. एका गॅरेजवाल्याने बोनेट उघडून वरवर पाहिलं आणि रेडिएटर बदलायला सांगितलं. दुसरा म्हणाला, "मॅडम, ऊन किती आहे! पाणी उडतंच. टाकत राहा." मला दोन्ही पटलं नाही. कूलंटची व्यवस्था बंदिस्त असते, ती काही माठ नाही की ऊन वाढलं म्हणून पाणी झिरपून उडावं. पातळी पुन्हा पुन्हा उतरत असेल तर ते कुठून तरी जातंय, आणि कुठून जातंय ते शोधणं हेच तर फिटरचं काम.

या गॅरेजला फोन केला तेव्हा पहिली अट ऐकली ती अशी : गाडी गार पाहिजे. पारोळ्याहून धुळं सुमारे ३५ किलोमीटर, म्हणजे मी पोचेपर्यंत इंजिन तापलेलंच असणार. मालक म्हणाले, "मग सकाळी लवकर या ताई, आणि बसायची तयारी ठेवा. गार झाल्याशिवाय मी झाकणाला हात लावणार नाही." खरोखरच लावला नाही. मला हे फार आवडलं. तापलेल्या गाडीचं झाकण फडकं टाकून फिरवणारे लोक मी पाहिलेत, आणि त्यातून हात-तोंड भाजून घेतलेले पण पाहिलेत. कूलंटचं हे झाकण साधारण एक बारपर्यंत (बार हे दाबाचं माप) दाब धरून ठेवतं. त्या दाबामुळे कूलंट-पाण्याचं मिश्रण १२० अंशांच्या पुढे जाईपर्यंत उकळत नाही. झाकण उघडलं की दाब एकदम सुटतो आणि आतलं सगळं त्या क्षणी उकळून वर येतं.

गाडी गार होईपर्यंत मालकांचे वडील खुर्ची घेऊन शेजारी येऊन बसले. सगळे त्यांना आबा म्हणतात. आयुष्य ट्रकच्या कामात गेलेलं, त्यामुळे वॉटर पंपाला, म्हणजे इंजिनमध्ये कूलंट फिरवणाऱ्या पंपाला, ते अजूनही वाटर बॉडीच म्हणतात. त्यांनी अहिराणीत विचारायला सुरुवात केली, "ताई, पानी कितलं कमी व्हस? आवाज गार गाडीले येस का गरम गाडीले?" मग हीटर लावल्यावर वारा गरम येतो का, झाकणाच्या आत तेलकट साय दिसते का, सायलेन्सरमधून पांढरा धूर निघतो का, घाट चढताना काटा हलतो का, शेवटचं कूलंट कोणी बदललं आणि कोणतं पाणी टाकलं. डॉक्टरने नाडी धरण्याआधी विचारपूस करावी तसं. या प्रश्नांना अर्थ होता. साय, पांढरा धूर आणि डबीत सतत बुडबुडे असतील तर संशय हेड गॅस्केटवर (इंजिनचं हेड, म्हणजे वरचा भाग, जिथे बसतो तिथल्या पातळ थरावर) जातो, पंपावर नाही. माझ्याकडे त्यातलं काहीच नव्हतं.

प्रत्यक्ष तपासणी मालकांनी स्वतः केली, पोरावर सोडली नाही. आधी झाकणाचं रबर पाहिलं. मग हातपंपासारखं दिसणारं, वर घड्याळ असलेलं प्रेशर टेस्टर तोंडाला बसवलं आणि झाकणावर छापलेल्या दाबाइतकी हवा भरली. इंजिन बंद, गाडी गार, आणि आम्ही सगळे त्या काट्याकडे बघत उभे. काटा हळूहळू उतरला. म्हणजे गळती नक्की होती. आता ती कुठे?

होज पाइपांचे जोड कोरडे, रेडिएटरच्या जाळीला ओल नाही. मग पुढचं एक चाक उतरवलं, आतलं प्लास्टिकचं कव्हर सोडवलं आणि बॅटरी लावून एक छोटा आरसा आत सरकवला. त्यांनी मला वाकून बघायला लावलं. पुलीच्या मागे, पंपाच्या पोटाला एक बारीक भोक दिसत होतं आणि त्याच्या खालून हिरवट-पांढऱ्या खरपुडीचा ओघळ इंजिनच्या अंगावर उतरलेला. त्यांनी काडीला कापूस गुंडाळून भोकाला लावला. कापूस ओला झाला. बोटांत चोळला तर बुळबुळीत आणि किंचित गोडसर वास. एसीचं पाणी असतं तर त्याला ना चिकटपणा असता ना वास.

ते भोक बिघाडाने पडलेलं नसतं, कंपनीनेच मुद्दाम ठेवलेलं असतं. पंपाच्या दांड्यावर एका बाजूला कूलंट अडवणारं सील, दुसऱ्या बाजूला दांडा सुरळीत फिरवणारं बेरिंग, आणि मध्ये हे भोक. सील झिजलं की पाझरलेलं कूलंट बेरिंगमध्ये शिरण्याआधी इथून बाहेर पडावं, अशी ती सोय. कोरडा, जुना, पुसट डाग असेल तर इतकं काळजीचं नाही, नवीन सील बसताना थोडं पाझरू शकतं. पण भोक ओलं असेल, खरपुडी वाढत असेल, तर सील संपत आलेलं आहे. माझ्या गाडीखाली ठिपका का पडत नव्हता तेही तिथेच दिसलं. थेंब तापलेल्या इंजिनवर पडून सुकत होता आणि उरलेला खालच्या कव्हरवर साचत होता. जमिनीवर डाग नाही म्हणून गाडी ठीक आहे असं धरून चालणाऱ्यांनी हे एकदा आरशात पाहावं.

मग बेल्ट उतरवला. मालकांनी पुलीला दोन्ही बाजूंनी धरून पुढे-मागे हलवलं आणि मला म्हणाले, तुम्ही धरून बघा. पुली हलत होती. फार नाही, पण हाताला कळेल इतकी. चांगल्या पंपाची पुली फक्त गोल फिरते, डुगडुगत नाही. हाताने फिरवली तर आत बारीक वाळू अडकल्यासारखी खरखर. मालकांनी आवाज आधीच ओळखला होता, तरी त्याआधी गाडी थोडा वेळ चालू करून आबांनी लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक पंपाच्या अंगाला टेकवून मूठ कानाशी धरली होती; अल्टरनेटरलाही (बॅटरी चार्ज करणाऱ्या भागाला) तसंच लावून पाहिलं, म्हणजे कुरकुर नेमकी कोणाची ते वेगळं काढता येतं. फिरत्या बेल्टजवळचं काम आहे, मोकळी ओढणी किंवा साडीचा पदर असताना हे कोणी घरी करू नये.

आता हीटरचं. बेल्ट उतरवण्याआधी, इंजिन चालू असतानाच, भर उन्हाळ्यात त्यांनी माझ्या गाडीचा हीटर पूर्ण लावला आणि काचा खाली केल्या. आपल्याकडे त्या बटणाला कोणी हात लावत नाही. पण इंजिन तापलेलं असताना हीटरचा वारा गार आला तर कूलंट कमी आहे, आत हवा अडकलीये किंवा पंप पाणी फिरवतच नाहीये, हे कळतं. माझा वारा गरम आला. पंप अजून पाणी फिरवत होता, पण सील आणि बेरिंग दोन्ही जायला आलेली. मालकांनी तसंच सांगितलं, वाढवून नाही, घाबरवून नाही. "आजच बंद पडेल असं नाही. पण लेकीला आणायला घाट चढायचाय ना? मग बदलून जा."

आखाजीला लेक माहेरी आणायची, आणि ती वैशाखात. जळगाव-भुसावळकडे पारा ४५ च्या वर जातो तेच दिवस. गाडीत माणसं भरलेली, एसी चालू, चढ सुरू, अशा वेळी बेरिंग अडकलं की पुली थांबते, बेल्ट घासून जळतो किंवा तुटतो. त्याच बेल्टवर अल्टरनेटर आणि एसी पण असतात. कूलंट फिरायचं थांबलं की काटा बघता बघता लाल पट्ट्यात. माझ्या इंजिनचं हेड अल्युमिनियमचं आहे. ते तापून वाकलं की हेड उतरवा, लेथवाल्याकडे घासून सपाट करायला द्या, गॅस्केट घाला, आणि तोवर आठवडाभर गाडी विटांवर. तो खर्च पंपाच्या कितीतरी पट. आबांनी एक सूचना केली ती सगळ्यांनी पाठ करावी : रस्त्यात काटा चढायला लागला तर एसी बंद, हीटर पूर्ण चालू, आणि सुरक्षित जागा दिसताच बाजूला घेऊन इंजिन बंद. पुढच्या गावापर्यंत रेटू नका. झाकण उघडू नका.

पंप बदलायला होकार दिला. त्यांनी दोन डबे समोर ठेवले, एक कंपनीचा आणि एक स्वस्त नकली दिसणारा, जो कोणीतरी गिऱ्हाईक स्वतः आणून देऊन गेला होता. दोन्ही हातात घेतल्यावर वजनातला फरक सांगायला कोणी लागत नाही. नकली पंपाची पाती पातळ पत्र्याची, कडा न घासलेल्या. मी कंपनीचाच घेतला. बेल्ट पण नवा टाकायला लावला, कारण जुन्याच्या रेघांमध्ये तडे दिसत होते आणि त्यावर कूलंट उडालेलं.

जुना पंप काढल्यावर मालकांनी तो वर्तमानपत्रावर ठेवून मला बोलावलं. आतल्या पात्यांच्या कडा खाल्लेल्या, बारीक खड्डे पडलेले. कारण विचारलं तर ते म्हणाले, साधं पाणी. गाडीच्या आधीच्या मालकाने डबीत बोअरचं पाणी टाकलेलं असणार. आपल्या खानदेशातल्या बोअरचं पाणी किती जड आहे ते गिझर आणि स्प्रेअर वापरणाऱ्याला सांगायला नको. माझ्या दुकानात नोझल चोंदल्याची तक्रार रोजची. तोच क्षार इंजिनच्या आतल्या वाटांमध्ये बसतो, सीलच्या तोंडावर खरडतो. कूलंटमध्ये फक्त उकळबिंदू वाढवणारं ग्लायकॉल नसतं, गंज रोखणारी द्रव्यंही असतात, आणि साधं पाणी टाकत गेलं की ती पातळ होत संपतात. इथे डिमिनरलाइज्ड (क्षार काढलेल्या) पाण्याच्या सीलबंद बाटल्या ठेवतात आणि अर्धं-अर्धं मिश्रण गिऱ्हाइकासमोर मापाने करतात. जुनं कूलंट मोरीत न ओतता कॅनमध्ये भरून झाकण लावून ठेवतात. त्याला गोडसर चव असते, कुत्री-मांजरं चाटतात आणि मरतात. दारात कुत्रं बसलेलं असताना ही काळजी घेणारं गॅरेज मी तरी पहिल्यांदा पाहिलं.

माझ्यासमोरच एक जण आला आणि म्हणाला, उन्हाळा आलाय, थर्मोस्टॅट काढून टाका, गाडी गार राहील. हे आपल्याकडे सर्रास करतात. मालकांनी स्पष्ट नकार दिला. थर्मोस्टॅट म्हणजे कूलंटची रेडिएटरकडची वाट उघडणारी झडप; तो साधारण ८० ते ९० अंशांच्या दरम्यान उघडतो, त्यामुळे इंजिन लवकर योग्य तापमानाला येतं आणि तिथेच राहतं. काढला तर थंडीच्या दिवसांत इंजिन गारच राहतं, डिझेल जास्त खातं, काजळी धरते. आणि काही इंजिनांत तो नसला की कूलंट रेडिएटरकडे न जाता जवळच्या वाटेने परत फिरतं, म्हणजे उलट गरम. गिऱ्हाईक रागावून गेलं. मालकांना त्याचं काही वाटलेलं दिसलं नाही.

दुसरी एक वॅगन-आर आली होती, मालक शिक्षक. त्यांनाही कोणीतरी पंप गेलाय असं सांगितलेलं. टेस्टर लावलं, काटा हलला नाही. भोक कोरडं, पुली घट्ट. एका होजची क्लिप ढिली निघाली. आबा म्हणाले, "गुरुजी, पंप चांगला शे, बदलानी गरज नही." क्लिप बदलली आणि तपासणीचे तेवढे घेतले. माझा विश्वास बसला तो खरं तर तिथे. तपासून काही न विकणारा फिटर दुर्मीळ आहे.

ज्यांच्याकडे डस्टरची १.५ डिझेल किंवा तशीच टाइमिंग बेल्टवर (पिस्टन आणि व्हॉल्व्हचा मेळ राखणाऱ्या आतल्या बेल्टवर) पंप चालणारी गाडी आहे, त्यांनी मात्र वेगळा विचार करावा. माझ्या दिरांची डस्टर मी नंतर इथेच पाठवली. त्यात पंप टाइमिंग बेल्टच्या कव्हरमागे दडलेला असतो. आरसा घालून सहज दिसत नाही, पुली हलवून बघता येत नाही. तिथे पंप अडकला किंवा कूलंट बेल्टवर सांडलं तर बेल्ट सुटतो आणि पिस्टन-व्हॉल्व्ह एकमेकांवर आदळतात. म्हणून कंपनीच्या पुस्तकात दिलेल्या मुदतीला बेल्ट बदलताना पंप आणि टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारं चाक) सोबतच बदलायचे. दीर आधी म्हणत होते, पंप चालतोय तर कशाला. मालकांनी त्यांना मजुरीचा हिशोब मांडून दाखवला : उघडण्याची मजुरी दोन्हींची एकच, मग दुसऱ्यांदा का उघडायचं? दिरांना पटलं.

माझं काम दुपारपर्यंत झालं. गॅस्केटची बैठक त्यांनी खरवडताना घाई केली नाही, बोल्ट टॉर्क पान्याने (ठरलेल्या जोराइतकंच आवळणाऱ्या) आवळले. नंतर हवा काढायला वेळ दिला : हीटर चालू ठेवून इंजिन तापवलं, पंखा लागून बंद होईपर्यंत थांबले, गार केलं, पातळी भरली, पुन्हा टेस्टर लावलं. यावेळी काटा जागचा हलला नाही. हवा अडकून राहिली तर नवा पंप असूनही गाडी तापते, आणि मग लोक पंपाला शिव्या देतात. काही दिवसांनी गार गाडीत पातळी दाखवून जा म्हणाले, त्याचे पैसे घेतले नाहीत. पंप, बेल्ट, कूलंट, मजुरी धरून साडेपाच हजारांच्या आसपास गेले. नुसती तपासणी २०० रुपयांत होते. जुना पंप त्यांनी पिशवीत घालून माझ्या हातात दिला, मी मागितला नव्हता.

आणखी एक, आणि हे बायांसाठी लिहिते. मी गाडीसमोर उभी असताना इथे कोणी "साहेब कुठे आहेत" असं विचारलं नाही. जे सांगायचं ते मला सांगितलं, जे दाखवायचं ते मला दाखवलं. गॅरेजमध्ये बाईला हे मिळणं अजूनही सोपं नाही.

कमी आहेच. बसायला फक्त ती सावली आणि एकच खुर्ची, तीही बहुतेकदा आबांची. बाईमाणसाला स्वच्छतागृहाची सोय नाही, शेजारच्या दुकानात विचारावं लागतं. हे त्यांनी करायलाच हवं, मी त्यांना तोंडावरही सांगितलंय. पक्कं बिल मागितल्याशिवाय मिळत नाही, तेव्हा पंपाच्या वॉरंटीसाठी मागूनच घ्या आणि त्यावर किलोमीटर लिहून घ्या. ऑनलाइन पैसे चालतात, कार्ड नाही. काम अंगावर घेतलं की सावकाश करतात, घाईवाल्यांना जमणार नाही. अपघाताच्या गाड्या किंवा डेंटिंग-पेंटिंग ते घेत नाहीत.

आखाजीच्या आधी गर्दी वाढते, तेव्हा फोन करून दिवस ठरवा आणि शक्य असेल तर गाडी आदल्या रात्रीच आणून लावा. शटरच्या आत दोन गाड्यांपुरती जागा आहे, रात्री कुलूप असतं, आणि सकाळी आठला आबा आल्यावर त्यांना गाडी गारच मिळते.